पावसाळ्यानंतर आउटबोर्ड इंजिन पकडत नाही: कॉइल बदलावी की आधी आणखी काही तपासावे?

शापोराकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी आमची फायबरची होडी आहे. तिच्यावर ४० हॉर्सपॉवरचे, दोन सिलिंडरचे आणि दोन कार्बोरेटरचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन असून ते बॅटरीवरही सुरू होते आणि दोरी ओढूनही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होडी काठावर ओढून झापांखाली ठेवली जाते, इंजिन तिच्यावरच उभे असते आणि पेट्रोलची सुटी टाकीही होडीतच राहते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून झाला, होडी उतरवायची सगळी तयारी झाली, पण इंजिन काही केल्या पकडत नाही.

लक्षणे अशी आहेत. बॅटरी घरी चार्ज करून आणली असून स्टार्टर इंजिन जोमाने फिरवतो. चोक ओढून फिरवले तर इंजिन मधूनच पेटते, काही क्षण धडधडते आणि बंद पडते. चोक आत ढकलला की तत्काळ विझते. प्लग नवे घातले तरी फरक नाही. पेट्रोलचा वास मात्र भरपूर येतो. ज्या मेकॅनिकला फोन केला त्यांनी इंजिन न पाहताच इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) गेली आहे असे सांगितले आणि सीडीआय युनिटही (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) सोबतच बदलून घ्यावे असे सुचवले. हे दोन्ही भाग महाग आहेत आणि मागवल्यावर हाती यायला किती दिवस लागतील हेही कोणी सांगत नाही. भाग मागवण्यापूर्वी घरच्या हत्यारांनी काय काय पडताळून पाहता येईल, आणि कोणत्या क्रमाने?

म्हापशाचे वर्कशॉप यांचे उत्तर

बंद पडून राहिलेल्या इंजिनाच्या बाबतीत पहिला प्रश्न असा असतो की ते फिरत नाही, की फिरते पण पेटत नाही. न फिरणाऱ्या इंजिनाची कारणे वेगळी असतात: उतरलेली बॅटरी, हिरवी पडलेली टर्मिनले, उडालेला फ्यूज, किंवा गिअर न्यूट्रलमध्ये नसल्याने स्टार्टरचा तुटलेला प्रवाह. तुमचे इंजिन जोमाने फिरते, त्यामुळे ती सगळी यादी बाजूला ठेवू. फिरणारे इंजिन पेटण्यासाठी ठिणगी, इंधन आणि दाब ही तीनच लागतात, आणि तुमचे इंजिन चोकवर क्षणभर का होईना चालते, याचा अर्थ निदान एका सिलिंडरमध्ये तरी तिन्ही गोष्टी काही काळ एकत्र येत आहेत. दोन्ही कॉइल एकाच पावसाळ्यात निकामी होणे अशक्य नाही, पण माझ्या अनुभवात ते फार क्वचित घडते.

चोक हवा रोखतो आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण घट्ट करतो. चोकवर चालणारे आणि चोक काढताच मरणारे इंजिन आपल्याला इंधन कमी पडत असल्याचे सांगत असते. ते कमी पडण्याची कारणे तीन: टाकीतून पुरवठाच नीट होत नाही, कार्बोरेटरमधले बारीक जेट (इंधन मोजून सोडणारी छिद्रे) सुकलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजले आहेत, किंवा जे येते आहे ते पेट्रोल राहिलेलेच नाही. यांपैकी शेवटचे कारण सर्वांत आधी तपासावे, कारण त्याला एक पारदर्शक बाटली पुरते. इंजिनाच्या बाजूचा होसचा कनेक्टर काढा, त्यातला व्हॉल्व्ह दाबून धरा, रबरी बल्ब दाबत पाव लिटर इंधन स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या आणि ती बाटली अर्धा तास सपाट जागी, उन्हापासून आणि विस्तवापासून दूर ठेवा. टाकीच्या वरच्या तोंडातून नमुना घेऊ नका, कारण जे पाहायचे आहे ते तळाशी असते आणि इंजिनही तळातूनच ओढते.

त्याच वेळी बल्बकडेही लक्ष द्या. त्याच्यावरचा बाण इंजिनाकडे असला पाहिजे, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा असला पाहिजे आणि कनेक्टर पुन्हा जोडून बल्ब उभा धरून दाबल्यावर तो थोड्याच दाबांत घट्ट झाला पाहिजे. तो कितीही दाबला तरी मऊच राहत असेल तर कनेक्टरमधली रबरी रिंग, होसचे जोड किंवा बल्बचा आतला व्हॉल्व्ह यांपैकी कोठेतरी हवा शिरते आहे. दाबल्यावर तो चपटाच राहत असेल तर टाकीची हवा बंद आहे किंवा मागची वाट तुंबली आहे.

दरम्यान भाग मागवू नका.

वीजतार यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, तरीही ठिणगी गृहीत धरून पुढे जाऊ नये असे मला वाटते. खारट, दमट हवेत दोन महिने उभ्या राहिलेल्या इंजिनात कॉइलपेक्षा स्वस्त वस्तू आधी दगा देतात, आणि त्यांत पहिला नंबर स्टॉप स्विचचा लागतो. ज्या लाल दोरीची चकती ओढल्यावर इंजिन बंद होते, त्या स्विचमध्ये ओल आणि गंज साचला की तो अर्धवट जोडला जातो आणि ठिणगी कधी येते, कधी जाते. त्यामुळे इंजिन पेटून लगेच विझण्याचे लक्षण त्याच्यानेही दिसू शकते. तपासणी सोपी आहे: काउलिंगखाली (इंजिनाच्या झाकणाखाली) स्टॉप स्विचची वायर जेथे जोडली आहे तो जोड तात्पुरता सोडवून ठिणगी पाहावी. ठिणगी सुधारली तर दोष स्विचचा. ही तपासणी झाली की जोड परत लावलाच पाहिजे, कारण त्याच्याविना होडी पाण्यात नेली आणि चालवणारा तोल जाऊन पडला तर इंजिन थांबवणारे काहीच उरत नाही.

ठिणगी पाहताना दोन पथ्ये पाळावीत. प्लग काढल्यावर त्याच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून प्लग छिद्रापाशी धरून ठिणगी पाडू नये. काळोखात, मोकळ्या हवेत, लांब वायरीचा स्पार्क टेस्टर वापरून पाहावे. दुसरे असे की सीडीआय असलेल्या इंजिनात प्लगची वायर लोंबकळत ठेवून इंजिन फिरवू नये. प्लग ब्लॉकला नीट टेकलेला असावा, नाहीतर ठिणगीला जायला वाट मिळत नाही आणि तो विजेचा दाब कॉइल व युनिट यांच्यावर येतो. धडधाकट सीडीआय अशा तपासणीतच जाळल्याची उदाहरणे आहेत. ठिणगी निळसर आणि कडकडीत हवी. पिवळी, अशक्त ठिणगी दिसली तर आधी अर्थिंगचे जोड खरवडून घासावेत.

बॅटरीविषयी एक छोटी टीप. स्टार्टर जोमाने फिरतो असे कानाने ठरवण्यापेक्षा मीटर लावावा. विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि स्टार्टर फिरत असताना १० व्होल्टच्या खाली न जाणे ही साधारण कसोटी आहे.

शापोराकाठ

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे दोन्ही तपासण्या केल्या. ठिणगी दोन्ही सिलिंडरांना निळी आणि ठळक आहे. स्टॉप स्विचची वायर सोडवल्याने काहीही बदलले नाही.

बाटलीत मात्र स्पष्ट दोन थर दिसले. वरचा थर आम्ही पेट्रोलमध्ये घालतो त्या ऑइलच्या निळसर रंगाचा आहे आणि खालचा, जवळजवळ दोन बोटे जाडीचा, फिकट, किंचित पिवळट आणि आरपार दिसणारा आहे. बाटली हलवली की दोन्ही मिसळल्यासारखे गढूळ होतात आणि थोड्या वेळाने पुन्हा वेगळे होतात. टाकी पाहिली तर हवेचा स्क्रू पावसाळाभर उघडाच राहिला होता आणि वरची झापे त्या बाजूला कुजून गळत होती. बल्ब दाबल्यावर घट्ट होतो, पण काही मिनिटांत पुन्हा मऊ पडतो. हे इंधन नुसते गाळून, वर नवे पेट्रोल भरून वापरता येईल का? टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली आहे.

म्हापशाचे वर्कशॉप

नाही, अजिबात वापरू नका, आणि त्या टाकीवर इंजिन आणखी फिरवूही नका. याचे कारण समजून घेणे तुमच्यासाठी कॉइलच्या किमतीपेक्षा मोलाचे आहे.

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाण्याला धरून ठेवते. पाणी थोडे असेल तोवर ते पेट्रोलमध्ये विरघळून राहते आणि इंजिनातून जळून निघूनही जाते; किंबहुना इथेनॉल जितके अधिक तितके अधिक पाणी सामावते. पण त्याला मर्यादा आहे. गळक्या झापांखाली, उघड्या स्क्रूच्या टाकीत ती मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याच्या बाजूला जाते आणि दोघे मिळून तळाशी बसतात. तुमच्या बाटलीतला फिकट थर नुसत्या पाण्याचा नसून पाणी आणि इथेनॉल यांचा आहे. तो धड पेटत नाही, म्हणून इंजिन चोकवर कण्हत होते.

टू-स्ट्रोकमध्ये याहून वाईट गोष्ट पुढे आहे. आपण पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल वरच्या थरात राहते; खालच्या थरात ते जवळजवळ उतरतच नाही. तुम्ही स्वतः रंगावरून ते पाहिलेच आहे: निळा रंग वर, खाली फिकट. टाकीची नळी तळातून ओढते, म्हणजे तुमच्या क्रँकच्या बेअरिंगांना आणि पिस्टनला ऑइल नसलेले, पाणी असलेले द्रव मिळत होते. असे इंजिन नशिबाने पेटले आणि नदीत वेगाने नेले, तर पिस्टन चिकटायला वेळ लागत नाही. ते पेटले नाही हे एका अर्थी बरेच झाले.

वरचा निळा थर काढून घेऊन वापरण्याचा मोहही टाळावा. इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेन घटलेला असतो आणि मिश्रणातील ऑइलचे प्रमाणही आता आपल्या हिशोबातले राहिलेले नसते. बाजारात मिळणारी फ्यूल स्टॅबिलायझरची बाटली ताज्या पेट्रोलमध्ये घालायची असते. थर वेगळे झाल्यावर ती ओतून काही साधत नाही.

आता कामाचा क्रम सांगतो. टाकी पूर्ण रिकामी करून, थोड्या ताज्या पेट्रोलने विसळून, उन्हात उघडी वाळवा. होस आणि बल्ब जुने असतील तर नवेच घ्या: इथेनॉलने जुन्या होसचे आतले अस्तर सुटते, त्याची पापुद्र्यासारखी फडकी आत लोंबते आणि बाहेरून होस धडधाकट दिसत असतानाही इंधन अडते. बल्ब मऊ पडतो असे तुम्ही लिहिले आहे, ते पाहता मी तरी तो ठेवणार नाही. इंजिनावरचा छोटा फिल्टर काढून त्याची वाटी रिकामी करा. मग दोन्ही कार्बोरेटरच्या खालचे ड्रेन स्क्रू सोडून आतले इंधन बाटलीत घ्या. त्यातही फिकट थेंब लोळताना दिसतील.

यानंतर नवे मिश्रण. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात ५०:१ लिहिले असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर, म्हणजे २४ लिटरच्या टाकीला ४८० मिलिलिटर ऑइल लागते. ते टीसी-डब्ल्यू३ प्रतीचे, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचेच असावे. स्कूटरचे टू-टी ऑइल स्वस्त पडते म्हणून घालणारे बरेच आहेत, पण ते हवेने थंड होणाऱ्या, अधिक तापणाऱ्या इंजिनांसाठी बनवलेले असते.

पहिल्यांदा सुरू करताना स्टार्टिंग स्प्रे मारू नका. त्यात ऑइल नसते आणि तुमच्या सिलिंडरच्या भिंती आधीच कोरड्या पडल्या आहेत. त्याऐवजी प्लग काढून प्रत्येक छिद्रात ताजे मिश्रण एक चमचाभर सोडा, प्लग जागेवर ठेवून वायरी अर्थला टेकवा, दोरीने हलकेच दोन-तीन फेरे द्या आणि मगच सुरू करा.

बेतूलचा तांडेल

शापोराकाठ बाब, इंजिन सुरू करण्यापूर्वी पाण्याची बाजूही पाहून घ्या, म्हणजे एक संकट टळून दुसरे यायचे नाही. होडी काठावर असताना इंजिन कोरडे सुरू करू नये. खालच्या लेगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या भागात, थंड करणारे पाणी ओढणारा रबराच्या पात्यांचा इम्पेलर असतो. पाणी नसेल तर तो काही सेकंदांतच घासून तापतो. पिंपात लेग बुडवावा किंवा होसचे मफ (पाणी आत घेणाऱ्या छिद्रांवर बसणाऱ्या रबरी वाट्या) लावून गोडे पाणी सोडावे. दोन महिने एकाच स्थितीत दबून राहिलेली पाती वाकडीच राहतात, म्हणून मी दर वर्षी बंदी उठण्यापूर्वी इम्पेलर बदलतोच. दोरी नसताना फ्लायव्हील (इंजिनावरचे जड चाक) हाताने फिरवायचे झाले, तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरवावे, कारण उलट फिरवल्यास हीच पाती मुडपतात.

इंजिनाच्या मागून जी पाण्याची बारीक धार पडते, तिच्याकडे पहिल्या मिनिटालाच नजर असू द्या. धार पडली नाही तर ताबडतोब इंजिन बंद करा, पण लगेच पंपाला दोष देऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात कुंभारीण माशी त्या छोट्या छिद्रात मातीचे घर बांधते, आणि ती माती वाळून सिमेंटसारखी घट्ट होते. मऊ तार किंवा नायलॉनचा जाड धागा घालून छिद्र मोकळे करावे. माझ्या ओळखीच्या एकांनी याच कारणाने इंजिन उघडून पाहिले होते, आणि आत बिघाड काहीच नव्हता.

याच ओघात केरोसीनवर इंजिन चालवणाऱ्यांसाठी एक सूचना. अशी इंजिने पेट्रोलवर सुरू होतात आणि तापल्यावर केरोसीनवर वळवली जातात. बंदीपूर्वी शेवटच्या दिवशी ती पुन्हा पेट्रोलवर आणून, कार्बोरेटरमधले केरोसीन जळून गेल्यावरच बंद करावी लागतात. नाहीतर ऑगस्टमध्ये थंड इंजिनाच्या कार्बोरेटरात केरोसीन भरलेले असते आणि ते काही केल्या पेटत नाही.

दिवाडीचा वाचक

आमच्या होडीत डिझेलचे इनबोर्ड इंजिन आहे आणि तेही पावसाळ्यानंतर नुसते फिरत राहते. त्याला प्लग नाहीत, तर तपासणी कोठून सुरू करावी?

म्हापशाचे वर्कशॉप

दिवाडीकर, डिझेलमध्ये पहिला संशय हवेचा आणि दुसरा पाण्याचा. आधी वॉटर सेपरेटरच्या तळाचा नळ सोडून पाणी काढा; तेथे काळा बुळबुळीत गाळ निघाला तर टाकीत पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू वाढले आहेत, आणि टाकी धुऊन फिल्टर बदलल्याशिवाय सुटका नाही. नंतर फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून, फीड पंपाची हाताची दांडी मारत, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत हवा काढावी. तरीही न पेटल्यास इंजेक्टरच्या पाइपांचे नट थोडे सैल करून इंजिन फिरवावे, पण त्या वेळी चेहरा आणि हात दूर ठेवावेत, कारण तेथला दाब त्वचेत शिरतो. पुढचे काही विचारायचे असल्यास स्वतंत्र धागा काढावा, म्हणजे येथील विषय सरमिसळ होणार नाही.

शापोराकाठ

इंजिन सुरू झाले. टाकी धुऊन नवा होस, नवा बल्ब आणि नवे मिश्रण घातले, कार्बोरेटरचे ड्रेन सोडले तेव्हा दोन्हींतून फिकट थेंब आले. पिंपात लेग बुडवून सुरू केले आणि पाण्याची धारही पहिल्याच मिनिटाला आली. कॉइल आणि सीडीआय अर्थातच मागवले नाहीत.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. वेग वाढवला की इंजिन सुरेख चालते. पण अगदी हळू, जाळे ओढण्याच्या वेगावर आणले की थरथरते आणि बंद पडू पाहते. वरच्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढली तर ते लगेच बंद पडते. खालच्या सिलिंडरची काढली तर काहीच फरक जाणवत नाही.

म्हापशाचे वर्कशॉप

म्हणजे हळू वेगावर खालचा सिलिंडर काम करत नाही आणि जोरात केल्यावर करतो. ठिणगी तीच, प्लग तोच. बदलतो तो फक्त जेट. हळू वेगाला इंधन पायलट जेटमधून येते, वेग वाढला की मेन जेट काम करू लागतो. खालच्या कार्बोरेटरचा पायलट जेट बुजलेला असणार. त्याचे छिद्र केसाइतके बारीक असते आणि सुकलेल्या पेट्रोलचा हिरवट-तपकिरी थर तेथेच प्रथम बसतो.

तो कार्बोरेटर उतरवा, वाटी काढा आणि जेट सोडून दिव्यासमोर धरा: आरपार गोल उजेड दिसला पाहिजे. कार्बोरेटर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवून उलट बाजूने दाबाची हवा मारा. स्टीलची तार किंवा सुई आत घालू नका. पितळ मऊ असते, छिद्र जरा जरी मोठे झाले तरी हा सिलिंडर कायमचा जास्त पेट्रोल पिऊ लागेल. प्लास्टिकच्या ब्रशचा एक केस चालतो. ज्या आतल्या वाटेत जेट बसतो तीही क्लीनरने फवारून घ्या, कारण जेट स्वच्छ आणि वाट तुंबलेली असा प्रकार नेहमी होतो. वाटीचे गॅस्केट नवे लावा आणि मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे बसतात ते लिहून ठेवा.

जेट साफ करूनही खालचा सिलिंडर हळू वेगावर साथ देत नसेल तर मग दाब मोजा. दोन्ही प्लग काढून, वायरी अर्थला लावून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून गेज लावावा आणि आकडा वाढायचा थांबेपर्यंत फिरवावे. आकडा किती आला यापेक्षा दोन्ही सिलिंडरांत दहा टक्क्यांहून अधिक फरक आहे का ते महत्त्वाचे. फरक आढळला तर ऑइलविना फिरल्याने पिस्टनच्या रिंगा खाचांत अडकल्या असण्याची शक्यता आहे. त्या वेळी प्लगच्या छिद्रातून पेनेट्रेटिंग ऑइल (अडकलेले भाग सोडवणारे पातळ तेल) सोडून एक दिवस तसेच ठेवावे आणि पुन्हा मोजावे. तोवर इंजिन पूर्ण वेगात पळवू नका. आणि लेगमधल्या गिअर ऑइलचा खालचा स्क्रू किंचित सोडून पाहा: ऑइल दुधासारखे पांढरट दिसले तर सीलमधून पाणी आत आले आहे, आणि ते काम होडी उतरवण्यापूर्वीच करून घ्यावे लागेल.

शापोराकाठ

पायलट जेट दिव्यासमोर धरला तर उजेड अजिबात दिसत नव्हता. क्लीनरमध्ये भिजत ठेवला आहे. गिअर ऑइल स्वच्छ निघाले. जुन्या टाकीतले इंधन म्हापशाच्या एका वर्कशॉपने टाकाऊ ऑइलच्या पिंपात घेतले, नदीत किंवा मातीत ओतावे लागले नाही. जेट बसवल्यावर दोन्ही सिलिंडरांच्या दाबाचे आकडे येथेच लिहितो.